लेव्हीचा साहेब

माझी जीभ तिखट आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही आहे. लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाच्या अलीकडं एक खेडं आहे. तिथल्या शाळेत मी एकवीस वर्षं इतिहास शिकवते. सकाळी लोहाऱ्याहून जीपनं निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि गावातून चालत शाळा गाठायची. या एकवीस वर्षांत मला सगळ्यात जास्त राग आणणारा दिवस कोणता म्हणाल, तर सतरा सप्टेंबर.

दिवसाचा काही दोष नाही. देश पंधरा ऑगस्टला स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि पुढं तेरा महिने तिथंच राहिला. मग एका सतरा सप्टेंबरला निजाम शरण आला आणि आम्ही भारतात आलो. म्हणून आमच्याकडं झेंडा एक वेळ जास्त फडकतो. गोष्ट एवढीच आहे. पण दर वर्षी प्रमुख पाहुणे माइक हातात घेतात आणि पुन्हा एकदा इंग्रजांना हाकलून लावतात. एका पाहुण्यांनी तर पंधरा ऑगस्टचंच भाषण वाचलं, तारीखसुद्धा बदलली नाही, आणि टाळ्याही पडल्या. नववीच्या वर्गात मी विचारलं, महिन्याभरानं आपण परत झेंडा का लावतो? एक मुलगी अगदी विश्वासानं म्हणाली, पंधरा ऑगस्टला जे गैरहजर होते त्यांच्यासाठी. वर्गात मी नुसता धडा पुढं नेला. स्टाफरूममध्ये येऊन मात्र गावाचा, तालुक्याचा आणि एकूणच मनुष्यजातीचा उद्धार केला.

पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तेव्हा उठता-बसता म्हणत असे. नाकानं कांदे सोलायची सवय मास्तरकीत लवकर लागते.

अशातच बहुरूपी मामांची ओळख झाली. नळदुर्गजवळच्या एका वस्तीत राहणारे, साठीला टेकलेले, अंगानं काटकुळे गृहस्थ. वेगवेगळी सोंगं घेऊन गावोगाव फिरायचं, लोकांना चकवायचं आणि हसवायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. आमच्या शाळेत ते पहिल्यांदा आले ते शिक्षण खात्याचे साहेब होऊन. अंगात सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. मी माझी पाठांची टाचणवही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी पानं चाळली, अक्षर झकास आहे म्हणाले, आणि मग शांतपणे विचारलं की यातलं मुलांना किती येतं. मला घाम फुटला. जाता जाता त्यांनी फाइल उघडून टेबलावर ठेवली तर आत नुसत्या जुन्या लग्नपत्रिका. तेव्हा कुठं आमच्या शिपायाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि सगळी शाळा हसली. एकवीस वर्षांत माझं टाचण एवढं मन लावून वाचणारा तोच एक साहेब निघाला.

नंतर ओट्यावर बसून चहा पिताना त्यांनी मला धंद्याचा नियम सांगितला. सोंग वठलं पाहिजे, पण दिवस मावळायच्या आत कुणीतरी ते ओळखलंही पाहिजे. ओळखावं म्हणून खुणा हव्या तेवढ्या द्याव्यात, पण आपल्या तोंडानं सांगायचं नाही. ओळखलं नाही किंवा आपणच सांगून टाकलं, तर त्या गावातला दाणा घ्यायचा नाही आणि तिथं पुन्हा पाय ठेवायचा नाही.

“वळखलं तर ती कला, मॅडम. न्हाय वळखलं तर ती लबाडी,” ते म्हणाले.

आजोबांच्या वेळेपासून वीसेक गावं त्यांच्या घराण्याकडं होती, त्यात हेही एक. आजवर एकही गाव असं सुटलं नव्हतं, हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली. मला तो माणूस फार आवडला. आमच्या शिक्षण खात्याला असा एखादा नियम असता तर किती बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

मग पुढच्या सतरा सप्टेंबरचा बेत माझ्याच डोक्यातून निघाला. निजामाच्या राज्यात शेतकऱ्यांकडून सक्तीनं धान्य वसूल करायचे, त्याला लेव्ही म्हणत. मामांनी त्या लेव्हीच्या साहेबाचं सोंग घ्यायचं. झेंडावंदन झालं की गावात बसायचं आणि निजामाच्या नावानं ज्वारी मागायची. कोण कोण ओळखतंय ते बघू, मी म्हणाले. माझ्या बोलण्यातला खवचटपणा त्यांच्या लक्षात आला असावा. राग धरून काढलेल्या सोंगाचा रंग बसत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि कुणी हे मोबाइलवर काढायचं नाही अशी अट घातली. मी मान डोलावली.

तयारी मात्र त्यांनी अशी केली की मी बघत राहिले. नळदुर्गातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून काळी शेरवानी शिवून घेतली. गोंड्याची लाल रूमी टोपी कुठून तरी मिळवली. लेव्हीवाले कसे बोलत, कसे बसत, हे त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून घेतलं होतं. शेतकरी ज्वारी जमिनीतल्या पेवात लपवायचे, म्हणून लेव्हीवाल्यांकडं लांब लोखंडी सळई असायची आणि अंगणात ठोकून ठोकून ते पोकळ जागा शोधायचे, हे मला मामांनी सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, काय की, म्या तर शाळेतच गेलो न्हाय.

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं. पाहुण्यांनी इंग्रजांना हाकललं. मुलांना बुंदी वाटली. लोक ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर गप्पा मारत बसले होते, तेवढ्यात देवळामागून मामा आले. शेरवानी, लाल टोपी, कल्लेदार मिशी, काखेत भलंमोठं रजिस्टर आणि हातात सळई. वर झेंडा फडकत होता. मामांनी त्याच्याखाली उभं राहून खणखणीत दखनी उर्दूत सांगितलं की हुजूर सरकारचा हुकूम आहे, ज्याच्या त्याच्या घरचा गल्ला, म्हणजे धान्य, हजर करा.

सरपंचबाईंचे पती कारभार बघतात, जसे ते सगळीकडंच बघतात. ते लगबगीनं उठले. मला वाटलं, आता हे ओळखणार. ते ग्रामपंचायतीत गेले आणि टेबल, खुर्ची, पंखा घेऊन आले.

पुढच्या अर्ध्या तासात तिथं रांग लागली. लोक घरी जाऊन आधार कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक घेऊन आले. हे पीकविम्याचं आहे का, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं आणि केवायसीचं आहे म्हणून सांगितलं. मामा मागण्या वाढवत गेले. निम्मी ज्वारी सरकारजमा करावी लागेल, ते म्हणाले. लोकांनी झेरॉक्स किती लागतील ते विचारलं. साहेब दिसला की पायातल्या चपला काढून हातात घ्याव्या लागतील, असंही त्यांनी बजावलं. शेवटची तारीख कोणती, एवढंच एकाला हवं होतं. हुकूम थेट हैदराबादहून आलाय असं ते म्हणाले, तेव्हा एक पदवीधर तरुण शेजाऱ्याला समजावू लागला की बरोबर आहे, ते ॲप हैदराबादलाच बनवलेलं आहे. दोघा-तिघांनी साहेबाबरोबर सेल्फी घेतली. मोबाइलवर काढायचं नाही ही अट मी पाळली होती, गावानं नाही.

मी समोर शाळेच्या ओट्यावर उभी राहून हे बघत होते आणि पोट धरून हसत होते. खरं सांगायचं तर माझं समाधान होत होतं. एकवीस वर्षं मी जे म्हणत आले ते असं उघड्यावर सिद्ध होत होतं.

बाराच्या सुमाराला मामा शाळेच्या नळावर पाणी प्यायला आले. चेहऱ्यावरचा रंग घामानं ओघळला होता. ते म्हणाले, बास करू, कुणालाच वळख पटंना. लोक भाबडेपणानं कागद आणून देतायत आणि माझा जीव आत आत जातोय. तुम्ही आडून तरी कुणाला सुचवा, असंही म्हणाले. त्यांचं गाव पणाला लागलं होतं आणि मला ते माहीत होतं. तरी मी म्हणाले, अजून एक तास बघू. माझं पोट भरलं नव्हतं. त्या एका तासाची मला अजून लाज वाटते.

ते परत जाऊन बसले आणि खुणा देऊ लागले. टोपी उलटी घातली. रजिस्टर उघडं करून लोकांसमोर धरलं, त्यात नुसत्या रेघोट्या होत्या. शेवटी त्यांनी मिशीची एक बाजू सैल केली आणि चहाचा कप तोंडाला लावला. मिशी चहात पडली. रांगेतला पहिला माणूस पुढं झाला, त्यानं ती बोटानं उचलली, रुमालाला पुसली आणि दोन्ही हातांनी अदबीनं साहेबांच्या हातात दिली. साहेबाच्या मिशीत आपण कशाला पडा, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. मामांनी ओठ दाबून धरले. त्यांना हसू येत होतं की रडू, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. सळई घेऊन ते उठले आणि पाराच्या कडेची जमीन ठोकायला लागले. ठण, ठण, असा आवाज गल्लीत जाऊ लागला.

फाट्याकडून शाळेला येताना वाटेत एक घर लागतं. तिथल्या ओसरीवर नव्वदीच्या घरातली एक म्हातारी दिवसभर बसलेली असते. रोज मी जाताना ती “आल्या का बाई” म्हणते, मी मान हलवते आणि पुढं जाते. सळईचा आवाज ऐकून ती काठी टेकत गल्लीतून बाहेर आली. तिनं लाल टोपी बघितली, सळई बघितली आणि जागच्या जागी मातीत बसली. मग लुगड्याचा पदर तिनं दोन्ही हातांनी पुढं पसरला आणि झटकून दाखवला.

“न्हाय हो साहेब, घरात दाणा न्हाय,” ती म्हणाली. “बाप गावाला गेलाय. घर झाडून बघा, पर जमीन उकरू नका.”

तिचा आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हता. तो एखाद्या दहा वर्षांच्या पोरीचा होता. रांगेतले लोक हसायला लागले. म्हातारीला भ्रम झालाय असं त्यांना वाटलं. मला मात्र हसू आलं नाही. सकाळपासून त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर ओळखलं होतं, आणि ओळखणारी पदर पसरून मातीत बसली होती.

मामांच्या हातातली सळई गळून पडली. त्यांनी टोपी काढून फेकली, शेरवानीची बटणं तोडत ती उतरवली आणि आतल्या बनियनवर तिच्यापुढं मातीत बसले.

“आई, म्या साहेब न्हाय,” ते म्हणाले. “म्या बहुरूपी हाय. सोंग हाय ह्ये. कुणी न्हाय आलं, आई.”

आपल्या तोंडानं सांगितलं. सगळ्या गावासमोर, तीन-चारदा सांगितलं. आजोबांपासून सांभाळलेलं गाव त्या माणसानं एका म्हातारीची भीती घालवायला एका श्वासात सोडून दिलं, आणि तसं करताना क्षणभरही थांबला नाही. त्याच्याएवढा मोठा माणूस मी फार बघितलेला नाही.

पारावर कालवा सुरू झाला. फसवणूक झाली, कागद कुठं आहेत, ह्याला पोलिसात द्या, असे आवाज उठले. मला तेव्हा ओट्यावरून उतरावंच लागलं. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की हे सोंग मी काढायला लावलं, मामांचा काही दोष नाही, काय बोलायचं ते मला बोला. कशासाठी, असं सरपंचबाईंच्या पतींनी विचारलं. तुम्हाला इतिहास माहीत नाही हे दाखवायला, असं उत्तर माझ्या जिभेवर होतं. म्हातारीकडं बघून मी ते सोडून दिलं.

म्हातारीला आता सगळं कळलं होतं. तिनं मामांच्या तोंडावरून हात फिरवला, रंग बोटांना लागला तो बघितला आणि मग आपणहून बोलायला लागली. तिच्या बापानं उकिरड्याखालच्या पेवात ज्वारी लपवली होती. लेव्हीवाले आले की ही पोर दारात बसून पदर झटकायची; तिला तसं शिकवलेलं होतं. एकदा सळई पेवाच्या तोंडाजवळ आली, तेव्हा शेजारच्या भाभीनं आपलं रांगतं पोर त्या जागेवर आणून सोडलं आणि ते उचलू देईना. भाभी मुसलमान होती आणि टोपीवालाही मुसलमान होता, तरी तिनं आमची ज्वारी राखली, म्हातारी म्हणाली. मग तिनं सरपंचबाईंच्या पतींकडं बघितलं.

“टोपीवाला नुसता खुर्चीवर बसायचा,” ती म्हणाली. “माप धरायचा तो तुझा आज्जा.”

रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. हे त्यातल्या काहींना ठाऊक असावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. माणसं काही गोष्टी विसरत नाहीत, नुसत्या बोलत नाहीत. सरपंचबाईंचे पती पुढं आले, वाकले आणि म्हातारीला दोन्ही दंडांना धरून अलगद उठवलं. “चला मावशी, मातीत बसू नका,” एवढंच ते म्हणाले. त्यांनीही त्या दिवशी मला खोटं पाडलं.

मामांनी शेरवानीची घडी घातली, आपलं उपरणं खांद्यावर टाकलं, ज्याचे त्याचे कागद ज्याला त्याला परत दिले आणि मला नमस्कार केला. येतो म्हणाले नाहीत, जातो म्हणाले. नियम माहीत असलेली मी एकटीच होते, त्यामुळं तो शब्द फक्त मलाच लागला. मी त्यांना थांबवायला गेले, पण काय सांगून थांबवणार?

ते गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा म्हातारी आपल्या घरातून बाहेर येत होती. कमरेवर सूप, सुपात ज्वारी. तिनं ते त्यांच्यापुढं धरलं. मामा मागं सरले. मला घेता येत नाही, ते म्हणाले, आणि नियम सांगितला. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“ह्ये कुणाचं सोंग हाय, ते म्या वळखलं का न्हाय?” तिनं विचारलं. “तू सांगायच्या आधी वळखलं का न्हाय?”

मामांनी मान डोलावली.

“त्यानं मागितली तवा लपवली. तू मागंना, म्हणून देती. धर.”

मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पसरलं. ज्वारी त्यात पडत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. गाठ मारून झाल्यावर ते म्हातारीच्या पाया पडले. पुढच्या खेपेला डॉक्टर होऊन येतो, म्हणाले. तेही म्या वळखंन, असं तिनं त्यांना बजावलं.

मी तिचं रिकामं सूप घेऊन तिच्याबरोबर घरापर्यंत गेले. तिच्या ओसरीवर मी पहिल्यांदाच चढत होते. तिनं घोंगडी सरकवून मला बसायला जागा केली. एवढा वेळ मनात साठलेलं काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं ते सबबीसारखंच निघालं. आजी, मी म्हणाले, हे लेव्हीचं, भाभीचं, मापाचं, यातलं काहीच आमच्या पुस्तकात नाही.

म्हातारीनं माझ्याकडं जरा नवलानंच बघितलं.

“पुस्तकात कशाला पायजे, बाई?” ती म्हणाली. “म्या हाय की अजून.”